छतावरचा उंट

१

म्हातारा उशीवर डोकं टेकून झोपल्यासारखा दिसत होता. डॉक्टरांनी ती उशी अलगद काढून उलटी केली. खालच्या बाजूला लाळेचा आणि थोड्या रक्ताचा डाग होता. उशीच्या खालच्या बाजूला कोणी लाळ गाळत नाही, एवढं कळायला पोलिसात असावं लागत नाही.

"दाबून धरलीय तोंडावर," डॉक्टर म्हणाले. "दुपारी कधीतरी. मग नीट डोक्याखाली ठेवलीय."

मला त्या 'नीट'चाच जास्त राग आला. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, चष्मा घडी घालून बाजूला ठेवलेला, मोबाइल छातीवर. कुणीतरी मारून झाल्यावर त्याची काळजी घेतली होती.

खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हातारा याच पलंगावर होता. पूर्वी त्याचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या गावाचे पासपोर्ट फोटो त्यानेच काढलेले, म्हणून सगळे त्याला फोटोकाका म्हणत. पलंगाच्या कठड्यावर पिवळ्या बदकांची स्टिकर्स ओळीने चिकटवलेली होती. नातीचे उद्योग. दिसेल तिथे काहीतरी चिकटवते म्हणून आजोबांनी तिचं नाव डिंकी ठेवलं होतं.

या माणसाला दिवसभर दिसत तरी काय असेल, म्हणून मी वर पाहिलं. पंखा, आणि छताला आलेली ओल. वरच्या मजल्यावरचा पाइप सकाळी फुटला होता. डागाला लांब मान होती, पाठीवर उंचवटा होता, आणि पोटाखाली आणखी एक लहानसा डाग होता. उंटीण आणि तिचं पिल्लू. समोर माणूस मरून पडलाय आणि मी छतावर उंट बघतेय, म्हणून मनातल्या मनात स्वतःला चार शब्द सुनावले आणि कामाला लागले.

दाराचं कुलूप शाबूत होतं. चावी दोघांकडेच होती, मुलाकडे आणि सुनेकडे. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो सकाळपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीच्या शाफ्टमध्ये होता. तिथल्या वॉचमनने त्याला आत जाताना पाहिलं होतं आणि संध्याकाळी बाहेर पडतानाही पाहिलं होतं. राहिली फक्त सून.

"मग वाट कसली बघतेस?" साहेब फोनवर म्हणाले. "दोन दिवस देतो. नाहीतर मी स्वतः तिला उचलतो."

२

सून माझ्यासमोर बसली होती आणि तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले होते. तिच्याशेजारी नवरा बसला होता. मधूनच तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

"डिंकीला क्लासला सोडायला गेले होते मी," ती म्हणाली. "येताना भाजी घेतली. आल्यावर दारातूनच बघितलं. झोपलेत असं वाटलं. दिवेलागणीला चहा घेऊन गेले तेव्हा..."

"त्यांच्या मनगटावर वळ आहेत."

"माझेच असतील. उठवून बसवायला लागायचं ना. एकटीला झेपायचं नाही."

"बहिणीला तुम्ही काय मेसेज केला होता?"

तिने मान खाली घातली. तो मेसेज मला पाठ झाला होता. 'आता सहन होत नाही. यातून सुटका कधी होणार, देव जाणे.' तिच्याच फोनमधून मिळाला होता. न्यायालयात वाचून दाखवला तर दुसरा पुरावा लागणार नाही, अशा मापाचा होता.

"मॅडम, तुम्ही कुणाचं असं केलंय कधी? सगळं? रोज?" ती एकदम म्हणाली. "वैतागून बोलतं माणूस. म्हणून काय जीव घेतं?"

माझ्या आईचं सगळं माझ्या वहिनीने केलं आणि वहिनी काय काय बोलायची ते मला माहीत आहे. पण ते मी हिला कशाला सांगू?

"त्या दिवशी नवऱ्याशी काही बोलणं झालं? फोन, मेसेज?"

"नाही. आदल्या दिवसापासून आम्ही बोलतच नव्हतो. बाबांच्या खोलीतून ते बाहेर आले ते कुणाशी न बोलता सरळ निघूनच गेले. दार बंद होतं, आत काय झालं मला नाही कळलं. बाबा रडत होते, मॅडम. सासूबाई गेल्या तेव्हा नाही रडले ते."

"कशावरून?"

"मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने विचारलं, मला नेलं तर डिंकीला कोण बघेल. तिच्या मते नवऱ्याला तर पोरीची वेणीसुद्धा घालता येत नाही.

तिला सोडायला मी दारापर्यंत गेले, तेव्हा बाहेर बाकावर नवऱ्याशेजारी आणखी एक जण बसलेला दिसला. जाड भिंगाचा चष्मा, कपाळाला आठ्या. तो उठून थेट माझ्याकडे आला.

"मॅडम, त्या दुपारी मी त्यांच्या दाराशी होतो," तो म्हणाला. "आणि आदल्या आठवड्यात मी फोटोकाकाला शिव्या घातल्या होत्या. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो."

३

त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि सगळे त्याला दुर्बीण म्हणत. फोटोकाकाचा जुना मित्र आणि त्यांच्या ग्रुपचा दुसरा ॲडमिन.

"कसला ग्रुप?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लिहितावाचता येत नाही असं सांगितलं होतं. मग मोबाइल पुढे धरला. ग्रुपचं नाव 'दिसलं का?' आणि सभासद हजारोंनी. रोज कुणीतरी एक फोटो टाकायचा. गटाराचं झाकण, पण हसणारं. कापलेल्या ढोबळी मिरचीत रागावलेला माणूस. खुर्चीवर टाकलेला कोट, पण उकिडवा बसलेला चोर. एका टकल्याच्या मानेवरच्या वळ्या तर हुबेहूब दुसरा चेहरा होत्या. मला हसू आलं आणि ते दाबावं लागलं.

"नियम कडक आहेत आमचे," दुर्बीण म्हणाला. "जे दिसलं ते जसंच्या तसं. कशालाही हात लावायचा नाही, जागचं हलवायचं नाही. बाकीच्यांनी आपल्याला काय दिसलं ते लिहायचं, एकानं एकदाच. लिहिलं की बदलायचं नाही. उत्तर पुसलं तर ग्रुपमधून बाहेर."

"एवढं काय त्यात?"

"मॅडम, पहिल्यांदा जे दिसतं तेच खरं. मग दुसऱ्यांचं वाचून सगळ्यांना सगळंच दिसायला लागतं."

फोटोकाकाचा शेवटचा फोटो त्याने उघडून दाखवला. त्या दुपारी पडल्या पडल्या काढलेला, छताचा. पांढऱ्या छतावर ओलीचा डाग, खाली एवढंच लिहिलेलं, 'दिसलं का?' उत्तरांची रीघ लागली होती. उंट, उंट, वाळवंटातला उंट, एकाला किटली, एकाला आमचे मुख्याध्यापक.

"आणि हे बघा," दुर्बिणीने बोट सरकवत खालचं एक उत्तर दाखवलं. "त्याच्या मुलाने उत्तर दिलंय. संध्याकाळी. इतकी वर्षं बाप मागे लागला होता, एकदा तरी लिही रे, तुला काय दिसतं. कधी लिहिलं नाही. आणि लिहिलं तेव्हा वाचायला बाप नाही."

मुलाने लिहिलं होतं, 'उंटीण आणि पोटाखाली पिल्लू.' खाली थट्टा सुरू झाली होती. एकाने विचारलं होतं, पिल्लू कुठंय बुवा? खुद्द दुर्बिणीने लिहिलं होतं, 'अभिनंदन! अखेर बोललास! पण दुकानात ये, नंबर तपासून देतो.' तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

"पुरे," मी म्हणाले. "शिव्या कशावरून घातल्या ते सांगा."

"त्याने ग्रुपवरचा एक फोटो काढून टाकला. दुसऱ्याचा. कारण न देता. इतक्या वर्षांत असं कधीच केलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणतो, मला विचारू नकोस. मी म्हटलं, मग तू ॲडमिन राहायच्या लायकीचा नाहीस. त्या दुपारी माफी मागायला गेलो होतो. बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही."

"आत कुणी असल्याचं जाणवलं?"

त्याने चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदीच लहान आणि उघडे वाटत होते.

"बेल वाजल्यावर आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला तर पलंगावरून उठता येत नव्हतं."

४

खुर्ची सरकली म्हणजे सून घरातच होती, असा अर्थ साहेबांनी काढला. क्लासच्या बाईंनी सुनेला गेटवर पाहिलं होतं, भाजीवाल्याने पाहिलं होतं, पण जाऊन यायला किती वेळ लागतो, असं साहेबांचं म्हणणं. उद्या संध्याकाळपर्यंत अटक झाली पाहिजे. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे होतं काय?

ग्रुपवरून उडवलेला तो फोटो ज्याने टाकला होता तो माणूस दुर्बिणीने शोधून दिला. चांगला माणूस, पण ग्रुपवरचा अपमान अजून विसरला नव्हता. त्याने फोटो लगेच पाठवला आणि वर दोन पानी तक्रारही.

फोटोत एका मोटारीचं तोंड होतं. एका आडगल्लीत ताडपत्री टाकून ठेवलेली गाडी, वाऱ्याने ताडपत्री उडालेली. एक दिवा फुटलेला, दुसरा शाबूत, आणि खाली बंपर असा चेपलेला की गाडी गालातल्या गालात हसत होती. त्याने नाव दिलं होतं, 'डोळा मारणारी गाडी'. लोक हसून लोळले होते.

मला हसू आलं नाही. काही आठवड्यांपूर्वी पहाटे कामावर निघालेल्या एका बाईला कुठल्याशा गाडीने उडवलं होतं आणि ती रस्त्यातच गेली होती. तिचा नवरा अजून दर सोमवारी आमच्या ठाण्यात येऊन बसतो. काही विचारत नाही, नुसता बसतो. त्या रस्त्यावर आम्हाला दिव्याच्या काचा सापडल्या होत्या, गाडी सापडली नव्हती.

फोटोत नंबर दिसत नव्हता. मी तो मोठा करत गेले. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, काहीतरी पिवळं ओळीने चिकटवलेलं होतं.

बदकं होती.

म्हाताऱ्याने ती माझ्याआधी ओळखली होती. त्याचा सगळा जन्म बारकं बघण्यात गेला होता. हजारो लोक हसत असताना त्या पलंगावर एकटा म्हातारा आपल्या मुलाची गाडी बघत पडला असेल.

सुनेला फोन केला. "तुमची गाडी कुठे आहे?"

"विकली म्हणाले. महिना झाला असेल. का हो?"

आता मुलाकडे कारण होतं. पण तो शाफ्टमध्ये होता. वॉचमन शपथेवर सांगायला तयार होता. आणि उद्या संध्याकाळी मला त्याच्या बायकोला पकडायचं होतं.

५

सकाळी मी पुन्हा त्या खोलीत गेले. पलंग रिकामा होता. मी त्यावर आडवी झाले, म्हाताऱ्यासारखी. हवालदार दारात अवघडून उभा राहिला. त्याला म्हटलं, बाहेर जाऊन चहा पी.

मोबाइलवर ग्रुप उघडला आणि उत्तरं पुन्हा वाचत गेले. उंट. उंट. उंटीण आणि पोटाखाली पिल्लू. वर पाहिलं. हो, बरोबर आहे की. एवढे सगळे उंट उंट करतायत आणि एकट्या मुलालाच नीट दिसलं. मग त्याला चष्म्याचा नंबर तपासायला का सांगत होते?

तेव्हा कुठे मी फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. त्या दिवशी दुर्बिणीच्या मोबाइलवर पाहिला होता, पण मी छत आधी बघितलेलं. मला फोटोतही तेच दिसलं, जे डोक्यात होतं. आता फोटो मोठा केला. पोटाखाली पांढरं, कोरडं, स्वच्छ छत होतं. पिल्लू नव्हतंच.

मी उठून धावतच वरच्या मजल्यावर गेले. तिथे एक निवृत्त मास्तर राहतात. मला बघून त्यांची पाचावर धारण बसली. पाइप फुटला म्हणून पोलीस येतात असं त्यांना वाटलं असावं.

"सकाळी गळायला लागला, मग आपोआप थांबला," ते म्हणाले. "प्लंबर येईना. जेवून जरा पडलो आणि उठल्यावर म्हटलं आपणच बघू. जोड उघडला तर भसकन पाणी आलं, दुसऱ्या बाजूला. बादलीभर सांडलं."

"फोटोकाकांना खाली कळवलंत?"

"फोन केला ना. उचलला नाही. झोपले असतील म्हटलं."

मास्तरांच्या फोनमध्ये त्या न उचललेल्या कॉलची वेळ होती. फोटो त्याच्या बऱ्याच आधी पडला होता. पिल्लू नंतर आलं. म्हातारा तेव्हा एकतर मेला होता किंवा मरत होता. आणि ज्याने पिल्लू पाहिलं तो, फोटो टाकल्यानंतर आणि सुनेने चहा आणण्याआधी, या खोलीत बसून छताकडे बघत होता.

मुलाचं उत्तर चहाच्या आधीच पडलं होतं, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो तोवर घरी आलाच नव्हता. सुनेने त्याला सांगितलं नव्हतं, दोघांचं बोलणंच नव्हतं. बाकी हजारोंनी एकच प्राणी पाहिला होता.

मी हवालदाराला त्या लिफ्टच्या इमारतीत पाठवलं. वॉचमन पुढच्या दारात बसतो. तळघरातून मागच्या गल्लीत उघडणारं दार त्याला दिसत नाही आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला त्या दाराची किल्ली द्यावीच लागते.

६

"मला का बोलावलंत?" मुलगा म्हणाला. "तिला सोडणार का तुम्ही?"

"त्यासाठीच बोलावलंय."

फोटोची मोठी प्रत काढून आणली होती. ती टेबलावर त्याच्यासमोर ठेवली.

"बाबांचा शेवटचा फोटो. तुम्ही उत्तर दिलं होतं."

"हो. त्यांना बरं वाटावं म्हणून. जिवंत असते तर..." त्याने बाहीने डोळे पुसले. ते खोटं नव्हतं. हेच मला या धंद्यात सहन होत नाही.

"मला यातलं कळत नाही. पिल्लू कुठे आहे, जरा बोट ठेवून दाखवा."

त्याने आत्मविश्वासाने बोट पुढे केलं. बोट पोटाखाली गेलं आणि तिथेच थांबलं. मग ते पायांकडे सरकलं, परत वर आलं. त्याने कागद जवळ ओढला. खिडकीकडे धरला. एक मोठा माणूस एका कागदावर उंटाचं पिल्लू शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं.

"होतं," तो म्हणाला. "मी बघितलंय."

"कुठे बघितलंत?"

त्याने कागद खाली ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी झाकला.

मग तो बोलला. रात्रीच्या कामावरून पहाटे परतताना डुलकी लागली. बाई दिसली ती काचेवरच. थांबला नाही. ग्रुपवर फोटो आला, तो पुसून बापाने काही दिवस कळ काढली, मग आदल्या दिवशी खोलीत बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाला, तू स्वतः पोलिसांत जा, तुझ्या तोंडून सांग, मी तुझ्याबरोबर चाकाच्या खुर्चीत बसून येतो. त्या दुपारी तो पुन्हा विनवायला आला. बापाने मोबाइल हातात घेतला.

"फक्त गप्प करायचं होतं," तो म्हणाला. "फोन लावू द्यायचा नव्हता. मग ते हलेनात. मी खुर्चीत बसून राहिलो. बेल वाजली तेव्हा दचकलो. वर बघितलं. मला खरंच दिसलं हो. पहिल्यांदाच. त्यांना सांगावंसं वाटलं."

"म्हणून उत्तर लिहिलंत?"

"ते जिवंत आहेत असं मला वाटतंय, हे दिसावं म्हणून लिहिलं." त्याने मान वर केली. "दोन्ही खरं आहे, मॅडम."

"रात्री फोटो पुन्हा पाहिलात का?"

"हिंमत नाही झाली."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. हा प्रश्न कागदावर यायचा नव्हता, पण विचारल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

"आज संध्याकाळी आम्ही तुमच्या बायकोला नेणार होतो. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बोलला असतात?"

तो फोटोवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिला. मी बराच वेळ थांबले.

७

सुनेला सांगायला मी एकटीच गेले. गाडी, ती बाई, बाप, खुर्ची, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, निदान स्वतः सुटल्यामुळे तरी तिचा जीव भांड्यात पडेल. तसं काही झालं नाही.

"मला नेलं असतं तर ते बोलले असते का?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तिला आयुष्यभर पुरलं असतं असं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"मी विचारलं," मी म्हणाले. "ते गप्प बसले."

तिने मान हलवली. मग उठली, दाराजवळची त्याची चप्पल आणि हत्यारांची पिशवी उचलली, बाहेर जिन्यात नेऊन ठेवली आणि आत येऊन कडी लावली. परत समोर येऊन बसली.

"क्लास सुटला असेल," ती म्हणाली. "शेजारच्या बाई आणतात तिला. तुम्ही थांबाल का? तिच्या आजोबांना कुणी मारलं ते रोज विचारते. मी म्हटलंय, मॅडम शोधतायत, सापडला की सांगतील."

मी थांबले. तीन दिवस मी या बाईला उलटंपालटं केलं होतं, आता तिच्या सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन पाहुण्यासारखी बसले होते. सांगायचं काय आणि कुठून सुरू करायचं, याची मनात जुळवाजुळव केली. एकही वाक्य जमलं नाही.

बेल वाजली. आम्ही दोघीही उठलो नाही.

ती पुन्हा वाजली, आणि कडी का लावली म्हणून बाहेरून दारावर लहान हाताच्या थापा पडायला लागल्या.